नऊ बार आणि एक गंज

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात घरी कॉफीचं यंत्र घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणतं घ्यायचं’ हा, आणि गाडी तिथेच चुकीच्या रुळावर चढते. विळी घेताना काय चिरायचं ते आधी माहीत असतं, पाटा घेताना काय वाटायचं ते माहीत असतं. कॉफीच्या यंत्राचं मात्र उलटं आहे. आधी यंत्र येतं, मग त्यातून जे काय निघेल ते प्यायला घरात माणसं शोधावी लागतात. खोक्यावर दाबाचे आकडे असतात, पाण्याचं तापमान असतं, परदेशातल्या कुठल्याशा बाईच्या चेहऱ्यावरचं समाधान असतं. फक्त ‘तुम्ही कॉफी कशी पिता?’ एवढं साधं कोणी विचारलेलं नसतं. माझं म्हणणं थोडक्यात असं की यंत्राची परीक्षा कपात होते आणि दारव्ह्याच्या कपात बहुतेक दूधच असतं. हे एकदा कबूल केलं की बाजारातल्या निम्म्या यंत्रांचे अर्ज छाननीतच बाद होतात आणि उरलेल्यांची अनामत जप्त होते.

आपल्याकडची कॉफी म्हणजे नेमकं काय, ते आधी सरळ मनाने पाहावं. गंजात दूध चढतं. (गंज म्हणजे वऱ्हाडात पातेलं. पुण्याच्या वाचकाने लोखंडावरचा गंज समजून नाक मुरडू नये.) दुधात साखर पडते, आणि ती ‘चवीपुरती’ या शब्दाचा अपमान होईल इतकी पडते. मग कॉफी. मग वेलची. आणि शेवटी जायफळ, किसणीवर दोनदा घासून. एकाच कपात जागं ठेवणारी कॉफी आणि झोप आणणारं म्हणून प्रसिद्ध असलेलं जायफळ अशी दोन विरोधी पक्षांची युती करून दाखवणं हे मराठी घरालाच जमतं, आणि ती युती दिवाळी, परीक्षा, ताप आणि लग्नाची रात्र असे सगळे प्रसंग निभावून नेते. हे पेय वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट थंडीतल्या रात्री नऊ वाजता याच्यासमोर उभं राहील असं फार थोडं काही आहे. पण या पेयाला कॉफीकडून काय हवं असतं ते बघा. त्याला फुलांचा वास नको, लिंबाची झाक नको, ‘मागे रेंगाळणारी बेरीची चव’ तर नकोच नको. त्याला दूध, साखर आणि जायफळ या तिघांच्या गर्दीतूनही ‘मी आहे’ असं ओरडून सांगणारा एक दमदार, कडसर, दाट आवाज हवा असतो. नाजूक यंत्रातून निघालेली नाजूक कॉफी या गर्दीत घालणं म्हणजे शास्त्रीय गायकाला वरातीत बँजोपुढे उभं करणं.

आता त्या दाबाकडे वळू, कारण यंत्र विकणाऱ्याचा सगळा भर दाबावर असतो. वाफेच्या जोरावर कॉफी काढणारं यंत्र आंजेलो मोरिओंडो या गृहस्थाने १८८४ मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात मांडलं. या गावाला इंग्रजीत तुरीन म्हणतात, आणि ते नाव ऐकून यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला तुरीची आठवण झाली तर त्यात वावगं काही नाही. नुसत्या वाफेने दीड-दोन बारच्या पुढे दाब फारसा जात नसे आणि कॉफी होरपळत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरफ आणि स्प्रिंग वापरून तो सुमारे नऊ बारपर्यंत नेला गेला, तेव्हा आजची एस्प्रेसो जन्माला आली. घरच्या यंत्राच्या खोक्यावर मात्र पंधरा बार छापलेले असतात, कधी वीस. ही पंपाची जास्तीत जास्त ताकद. कॉफीला हवे असतात नऊच. म्हणजे उरलेले सहा बार रुबाबासाठी असतात, ट्रॅक्टरच्या हॉर्नसारखे. आपल्या कुकरच्या शिट्टीला बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाब पुरतो आणि तेवढ्यात तुरीचं वरण मेणासारखं शिजतं. एक बारमध्ये अख्खं घर जेवतं आणि नऊ बारमध्ये दोन घोट निघतात, हा हिशेब कुठल्याही गृहिणीला पटवून देणं कठीण आहे.

शिवाय दारव्ह्याला दाबाचं अप्रूप सांगायला कोणी येऊ नये. यवतमाळहून दारव्हा मोतीबागमार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी ज्या वाफेच्या इंजिनावर चालायची, ते १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि १९९४ पर्यंत राबलं. वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्ये दहा बारच्या आसपास दाब असणं ही अगदी सामान्य गोष्ट. म्हणजे एस्प्रेसोला लागतो तेवढा, किंबहुना चार घोट जास्तच दाब या गावच्या फलाटावर कित्येक वर्षं येऊन-जाऊन होता, आणि त्याच्या तोंडाला कप लावावा असं कोणाच्याही मनात आलं नाही. लोकांनी त्या दाबाचा उपयोग कापूस आणि माणसं हलवायला केला. पुढे डिझेल आलं, नंतर गाडीच बंद पडली, तो विषय वेगळा आणि फार हळवा आहे. मुद्दा एवढाच की दाब ही काही स्वतःहून चव नव्हे.

दाबाच्या पाठोपाठ येतात वीज आणि पाणी. एस्प्रेसोचं यंत्र चालू होताना हजार-बाराशे वॉट ओढतं. दारव्ह्यात ‘लाईन गेली’ हे वाक्य हवामानावरच्या बोलण्याइतकं सहज आहे. लाईन गेली की गंजाला काही फरक पडत नाही, गॅस पेटतो. यंत्र मात्र अर्धवट गरम पाणी पोटात धरून मौनात जातं आणि त्याच्याभोवती कप घेऊन उभी असलेली मंडळी, एखाद्याच्या नाडीवर हात ठेवून उभं राहावं तशी, त्या लाल दिव्याकडे पाहत राहतात. पाण्याची गोष्ट याहून गंभीर. ज्या घरात बोअरचं जड पाणी आहे, तिथल्या अंघोळीच्या गिझरची कॉइल आणि चहाच्या गंजाचा तळ आठवा. तो पांढरा थर यंत्राच्या बारीक नळ्यांत बसला की काय होईल? गंजातला थर चिंचेने नाहीतर राखेने घासून निघतो. यंत्राच्या पोटात राख घालता येत नाही. त्याला क्षार काढायचं खास द्रावण लागतं, ते वेगळं विकत मिळतं, आणि ते दर काही आठवड्यांनी घातलं नाही तर यंत्र रुसतं. सासरच्या माणसाचं एवढं मनधरणीचं वेळापत्रक कोणी पाळत नाही.

इथे एक जण हात वर करतो, आणि त्याचा आक्षेप खरा वजनदार आहे. तो म्हणतो, एस्प्रेसो दाट असते म्हणूनच तर तिच्यात दूध घालून कॅपुचिनो होते. मग दुधाळ कॉफीला एस्प्रेसोइतकं योग्य यंत्र दुसरं कोणतं? हे मान्य करायलाच हवं. दाटपणात एस्प्रेसोला तोड नाही, आणि दुधातून वर येण्याची ताकद तिच्यात आहे. पण घर म्हणजे हॉटेल नव्हे. घरगुती यंत्र एका वेळी एक, फार तर दोन कप देतं. आधी भुकटी भरा, दाबा, कप लावा, नंतर वाफेच्या नळीने दूध फेसाळवा, मग नळी पुसा. एका कपाला चार मिनिटं धरली तरी आठ पाहुण्यांना अर्ध्या तासावर वेळ जातो. पहिल्या पाहुण्याचा कप रिकामा होऊन तो ‘बरं, येतो मग’ म्हणत चप्पल शोधू लागतो, तेव्हा सहाव्याच्या दुधाला फेस येत असतो. दारव्ह्यात पाहुणे एकेकटे येत नाहीत, आणि आलेल्यांना वेगवेगळ्या वेळी चहा-कॉफी देणं हा अपमान धरला जातो. शिवाय नव्वद अंशांवर की चौऱ्याण्णव अंशांवर, असा घोळ घालून तयार केलेली ती कॉफी पाहुणा शेवटी बशीत ओतून फुंकून पिणार. बशी हा सगळ्या तापमानशास्त्राला दिलेला एक सपाट, गोल नकार आहे.

बाकीच्या यंत्रांना फार वेळ द्यायचं कारण नाही, पण ती नावं घेतल्याशिवाय न्याय झाला असं म्हणता येणार नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद काढून पितळेच्या भांड्यात ठेवला आणि त्यातून कॉफी गाळली. कागदी गाळणीचा जन्म तो. गृहिणीने पोराच्या दप्तरातून शोध लावला म्हणून मला तिच्याबद्दल फार आदर आहे. पण कागद कॉफीतलं तेल अडवतो, खाली येणारी कॉफी स्वच्छ आणि हलकी असते, काळी पिण्यासाठीच जन्मलेली. त्यात म्हशीचं दूध घातलं की ती कुठे गेली ते टॉर्च घेऊन शोधावं लागतं. दांडा दाबून गाळ खाली ढकलायचं काचेचं भांडं, ज्याला फ्रेंच प्रेस म्हणतात, ते दिसायला देखणं, पण काच आणि भांडी घासणारा हात यांचं जमत नाही. आलफोन्सो बियालेत्तीने १९३३ मध्ये इटलीत बाजारात आणलेलं मोका पॉट हा मात्र तगडा उमेदवार. वीज नको, गॅसवर चालतं, कॉफी दाट. त्याच्यावरचे माझे आक्षेप दोनच. आपल्या शेगडीची कडी त्याच्या तळापेक्षा मोठी, त्यामुळे ते तिच्यावर बारशाच्या पाळण्यासारखं डुलतं. आणि त्याची रबरी चकती झिजली की ती दारव्ह्याच्या भांड्यांच्या दुकानात मागायची. दुकानदार कुकरची रिंग काढून दाखवतो आणि ‘हीच बसवा’ म्हणतो, आणि ती बसत नाही.

कोल्ड ब्रू म्हणून एक प्रकार आहे, त्यात भुकटी थंड पाण्यात बारा-अठरा तास भिजवतात. विदर्भातल्या मे महिन्यात नळाचं पाणी सकाळीच कोमट असतं, त्यामुळे इथे फ्रिजशिवाय तो प्रयोग करता येत नाही. माठात करावा म्हटलं तर माठ वास धरतो आणि पुढे पावसाळा येईपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस तहान लागल्यावर कॉफी पितं.

आता तो उमेदवार, ज्याच्यासाठी इतका वेळ मैदान मोकळं करत होतो: स्टीलचा किंवा पितळेचा दोन डब्यांचा दक्षिणी फिल्टर. वरच्या डब्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात भुकटी, तिच्यावर दांडीची चकती हलकी दाबून, वरून उकळी थांबलेलं पाणी, आणि झाकण. पाणी आपल्या वजनाने भुकटीतून उतरतं आणि खालच्या डब्यात थेंब थेंब दाट कोरी कॉफी जमते. वीज नाही, पंप नाही, रबर नाही, आवाज नाही. रात्री निजताना घालून ठेवली की सकाळी तयार. दूध गरम करायचं आणि हव्या तेवढ्या कपांत वाटायची. आठ पाहुणे आले तरी आठांच्या हातात एकाच वेळी कप. किंमत काही शे रुपयांत, आणि एकदा घेतला की तो मुलाच्या लग्नातही टिकून असतो. वेग शकुंतलेसारखा, हे खरं. पण शकुंतलेची वाट पाहणाऱ्या लोकांना थेंबाचं वेळापत्रक समजावून सांगायची गरज पडणार नाही. मुख्य म्हणजे हा फिल्टर दुधासाठीच घडवलेला आहे. त्याच्या भुकटीत चिकोरी मिसळलेली असते. तिला नाकं मुरडणारे पुष्कळ असतात, पण भाजलेल्या चिकोरीच्या मुळाचा कडसर, जाडसर आवाज दुधातून वर येतो, हे तिचे टीकाकारही नाकारत नाहीत. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे बहुमत कॉफीचंच, तेही काठावरचं. आणि अशी काठावरची सरकारं आपल्याकडे चांगली चालतात.

फिल्टरचेही दोष आहेत आणि ते लपवले तर हा लेख खोक्यावरच्या मजकुरासारखा होईल. भुकटी फार बारीक दळली किंवा चकती फार जोरात दाबली तर थेंब पडायचंच थांबतं, आणि सकाळी खालच्या डब्यात कोरडा तळ पाहून दिवस सुरू होतो. गरम असताना दोन डबे एकमेकांत असे घट्ट बसतात की सांडशी, फडकं आणि शेजारी अशी तिघांची मदत लागते. भोकं बुजली तर वरचा डबा गॅसच्या ज्योतीवर उलटा धरून आत अडकलेली भुकटी जाळून टाकावी लागते. पण बघा, या प्रत्येक दोषावरचा इलाज घरातच आहे. सर्व्हिस सेंटर नागपूरला नाही, शेगडीवर आहे.

यावर गावातला सगळ्यात जुना आक्षेप येतो: “कायले पाह्यजे हे सारं? गंजात उकळली का झालं!” हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो निम्मा खरा आहे. भुकटी दुधात घालून खदखदा उकळली की तिच्यातून हवं ते निघतं, आणि नको ते सगळंही निघतं. म्हणूनच मग त्या कडूपणावर साखरेचा डोंगर आणि जायफळाचा सूड. कॉफीला उकळतं पाणी सोसत नाही, नव्वद-पंच्याण्णव अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं. फिल्टरने तेवढी शिस्त आपोआप पाळली जाते. दूध त्याच गंजात गरम करा, जायफळ त्याच किसणीवर घासा. कॉफी तेवढी गंजाबाहेर निघू द्या. दोघांचं भांडण नाही, कामाची वाटणी आहे.

दुसरा आक्षेप इन्स्टंटवाल्यांचा. किराणा दुकानात दोरीला लटकलेली पुडी फाडली की काम झालं, यंत्र कशाला? खरं आहे. नेस्लेने १९३८ मध्ये विरघळणारी कॉफी बाजारात आणली ती ब्राझीलमध्ये न खपलेल्या कॉफीचं काय करायचं या विवंचनेतून, आणि त्या विवंचनेने जगातली बरीचशी भांडी घासायची वाचवली. पण इन्स्टंटला यंत्र लागत नाही हा भ्रम आहे. भारतीय घरात तिचं यंत्र म्हणजे मनगट. कॉफी, साखर आणि चार थेंब पाणी कपात घालून चमच्याने पांढरट फेस येईपर्यंत फेटत बसायचं. २०२० मध्ये हाच प्रकार दालगोना या कोरियन नावाने जगभर गाजला, तेव्हा इथल्या कित्येक मनगटांना आपण इतकी वर्षं परदेशी फॅशन करत होतो हे कळलं. मनगटाला वीज लागत नाही, पण आठ पाहुण्यांच्या आठ कपांत ते दुखतं, आणि त्यावरचं बामही कॉफीच्या खर्चात धरलं पाहिजे.

तिसरा आक्षेप थोडा नाजूक, म्हणून तो कोणी उघड बोलत नाही: फिल्टर ओट्यावर दिसत नाही. चकचकीत यंत्र दिसतं. रुखवतात मांडता येतं, आल्या-गेल्याने ‘हे काय आहे?’ असं विचारावं, अशा कोनात ठेवता येतं. ही गरज खोटी नाही. आणि या गरजेसाठी यंत्र घेणाऱ्याला माझा विरोधही नाही, फक्त त्याने ते वापरू नये. न वापरलेलं यंत्र वर्षानुवर्षं नवं राहतं, त्याच्या नळ्यांत क्षार बसत नाहीत, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद एकदा पुसला की झालं. कॉफी मागच्या बाजूला फिल्टरमधून यावी, पुढच्या बाजूला यंत्राचा मान राहावा. राज्यकारभारात अशी मांडणी चालते, तर ओट्यावर का चालू नये?

राहिला भुकटीचा प्रश्न. फिल्टरची भुकटी दारव्ह्यात सहज मिळते का, यावरून लोक फिल्टर बाद करतात, आणि मग ज्या यंत्राला लागणाऱ्या कॉफीच्या बंद कुप्या भुकटीहून दुर्मिळ, ते घेऊन येतात. भुकटी महिन्यातून एकदा मागवावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. त्यात हळद-तिखटापेक्षा जास्त काही कसब नाही. दक्षिणेचीच मागवली पाहिजे असंही नाही. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्याच विदर्भात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, हजार मीटरहून उंचावर. गंमत अशी की शकुंतलेची दुसरी फांदी मूर्तिजापूरहून निघून अचलपूरला थांबायची, आणि अचलपूरच्या पुढून चिखलदऱ्याचा घाट चढतो. म्हणजे महाराष्ट्राच्या कॉफीच्या पायथ्यापासून दारव्ह्याच्या फलाटापर्यंत दहा बारचं इंजिन आणि रूळ, दोन्ही तयार होते. त्यावरून कापूस गेला, माणसं गेली, लग्नाची वऱ्हाडं गेली. कॉफीला मात्र तिकीट काढावं असं वाटलं नाही.

आणि शेवटी पाहुणा. दुपारी चारची वेळ, बाहेर ऊन, ओट्यावर फिल्टरमध्ये सकाळचा कोरा काढा निम्म्यावर भरलेला. वहिनी विचारतात, “कॉफी घेता का, भाऊ? फिल्टरची आहे, ताजी.” पाहुणा पाय पसरून टेकतो, गमछाने मान पुसतो आणि म्हणतो, “कॉफी कायले? चहाच मांडा ना थोडा.”

गंज खाली घेतला जातो.